पत्त्याच्या ओळी का फाकतात?

प्रश्न : पेणला आमचा गणेशमूर्तींचा कारखाना आहे. रोह्याच्या व्यापाऱ्याला वर्डमध्ये पत्र टाइप करताना पत्त्याच्या ओळींमध्ये उगाच मोकळी जागा सुटते. काय करावं?

उत्तर : एंटर दाबलं की वर्ड नवा परिच्छेद धरतो आणि ठरलेलं अंतर सोडतो. पत्ता हा एकच परिच्छेद. म्हणून नाव, आळी, ‘रोहा, जि. रायगड’ अशा ओळी शिफ्ट-एंटरने तोडा. मात्र मजकूर दोन्ही कडांना जुळवलेला असेल, तर तोडलेली ओळ ताणली जाऊन शब्द दूर दूर पळतात. पत्ता डावीकडेच ठेवा.

दरपत्रकात मात्र प्रत्येक मूर्तीला एंटरच हवा, नाहीतर आपोआप क्रमांक पडणार नाहीत. रिकामे एंटर मारून पान ढकलण्याची सवय तर सोडाच! नव्या पानासाठी कंट्रोल-एंटर आहे. कुठे काय दाबलंय, ते कंट्रोल-शिफ्ट-8 ने दिसतं.