मीटरवर ६०

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या फैजपुरात लेकी माहेरी येतात. घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, पितरांना पाणी द्यायचं आणि मग आमरसावर ताव मारायचा. त्या वर्षी घरात १९ माणसं होती. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत होता. पाहुण्यांपुढे हे पाणी कसं ठेवायचं, म्हणून मी थंड पाण्याचे ६ जार मागवले. जार आणणाऱ्या पोराने खिशातून टीडीएस मीटर काढून बुडवला. आकडा ६०. "पाहा भाऊ, कसं काचेसारखं दिसू राह्यलं!" मीही मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी पहाटे ६ वर्षांच्या भाचीला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत ७ जण आडवे. मी दुकानातून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या आणि भाचीला देणार, तोच शेजारच्या नर्सबाईंनी हात धरला. लहान मुलांना त्या गोळ्या द्यायच्याच नसतात. आधी जलसंजीवनी. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, आणि ते घोटघोट पाजत राहायचं. भाचीचे डोळे खोल गेले होते, सकाळपासून लघवी नव्हती. ही लक्षणं दिसली की घरी थांबायचं नसतं. आम्ही थांबलो, आणि संध्याकाळी तिला सलाईन लावावं लागलं.

उरलेलं पाणी तपासायला दिलं. ई-कोलाय निघाले, म्हणजे कुठेतरी विष्ठेचा संपर्क आला होता. भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलीलिटर पाण्यात हा जिवाणू एकही चालत नाही. जारवाल्याशी भांडायला निघालो, पण बायकोने आठवण करून दिली: तो जार दोन दिवस उघडाच होता आणि सगळी पोरं त्यात ग्लास बुडवत होती. खरं होतं. मग न उघडलेल्या जारमधलं पाणी ओटी द्रावणाने तपासलं. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. आमचं जसंच्या तसं राहिलं.

सगळी मेख तिथेच होती. आरओच्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून ते आधीच कार्बनच्या गाळणीत काढून टाकतात. त्यानंतर टाकीतून, नळीतून किंवा नुसत्या पाण्याने विसळलेल्या जारमधून जंतू शिरला, तर त्याला अडवणारं पाण्यात काही उरत नाही. मीटर मोजतो ते क्षार. जंतू त्याला दिसत नाहीत. गारव्यानेही ते मरत नाहीत, फार तर थंडावतात. बर्फाचंही तेच. ज्या वासाला मी नाक मुरडलं, तोच पहारेकरी होता.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. महापालिकेने तेव्हा खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही तपासलं आणि काही प्रकल्पांना सील ठोकलं. बातमी वाचताना मला आमचे ६ जार आठवले.

आता घरात कार्य असलं की नळाचंच पाणी भरतो. पुरवठ्याच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. शंका आली तर उकळतो. उकळी फुटली की लगेच गॅस बंद करत नाही, मिनिटभर खळखळू देतो. मळ्यातल्या बोअरचं पाणी दरवर्षी पावसाळ्यानंतर जळगावच्या प्रयोगशाळेत पाठवतो. निर्जंतुक बाटली तिथूनच आणायची, तिच्या तोंडाला आतून बोट लागू द्यायचं नाही आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. ५०० फूट खोल बोअर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वरचा केसिंग पाइप फुटला असेल आणि शेजारी शोषखड्डा असेल, तर खोली काय कामाची? पाणी काढायला दांड्याचं ओगराळं ठेवलंय. त्यावरून पोरांशी अजून रोज भांडण होतं.

यंदाच्या आखाजीला भाची आली. ग्लास तोंडाला लावला आणि नाक मुरडलं. "मामा, पाण्याला वास येतो."

"येऊ दे," म्हटलं.