मुका मोडेम बोलू लागतो

जुन्या लॅपटॉपच्या कडेला टेलिफोनची तार खोचण्यासाठी एक लहानसे चौकोनी भोक असे. आत मोडेम बसवलेला असे. संगणकावर विंडोज असताना हा मोडेम बिनतक्रार फोन लावी. पण विंडोज काढून लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवली की पुष्कळदा तोच मोडेम मुका होई! तार तीच, चिप तीच. मग बिघडले काय? त्यासाठी मोडेम मुळात काय करतो ते आधी पाहू.

टेलिफोन यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी उभारलेली आहे. सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ वारंवारतेचेच सूर तिच्यातून नीट पलीकडे पोचतात. संगणकाची भाषा मात्र 0 आणि 1 यांची. तेव्हा अंकांचे सुरांत रूपांतर करायला हवे. अमेरिकेत 1962 साली आलेल्या बेल 103 मोडेममध्ये फोन लावणारी बाजू 0 साठी 1070 हर्ट्झचा, तर 1 साठी 1270 हर्ट्झचा सूर काढी. पलीकडचा मोडेम ते सूर ओळखून पुन्हा अंक तयार करी. अंक सुरावर चढवणे म्हणजे मॉड्युलेशन आणि उतरवून घेणे म्हणजे डीमॉड्युलेशन. या दोन शब्दांचे तुकडे जोडून ‘मोडेम’ हे नाव झाले.

बेल 103 चा वेग सेकंदाला 300 बिट होता. 1998 च्या व्ही.90 या मानकात तो जास्तीत जास्त 56,000 बिटांपर्यंत गेला. एवढ्या वेगासाठी तारेतला प्रतिध्वनी वजा करणे, सुरांत झालेला बिघाड दुरुस्त करणे, अशी गणिते सतत करावी लागतात. पूर्वी त्यासाठी मोडेममध्येच स्वतंत्र प्रक्रियक असे. 1990 नंतरच्या दशकात उत्पादकांनी विचार केला, की संगणकाचा मुख्य प्रक्रियक आता पुरेसा वेगवान आहे. ही गणिते त्यालाच करू द्यावीत. मोडेम स्वस्त आणि हलका झाला. त्यात उरले ते मुख्यतः तारेवरील विद्युतदाबाचे आकड्यांत आणि आकड्यांचे विद्युतदाबात रूपांतर करणारे मंडल. बाकीचा मोडेम म्हणजे चक्क एक आज्ञावली होती, आणि ती बहुधा विंडोजसाठीच लिहिलेली असे. लिनक्सवर पेटी होती, वाजवणारा नव्हता!

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली लिहिला. त्याची आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी. मग मोडेमची आज्ञावलीही का लिहू नये? अडचण अशी, की चिपशी कसे बोलावे याचा तपशील अनेक उत्पादक गुप्त ठेवीत. स्मार्ट लिंकसारख्या काही कंपन्यांनी लिनक्ससाठी आज्ञावली दिली. पण तिचे बाहेरचे आवरण तेवढे खुले होते, गणिताचा भाग बंदच होता.

मोडेम चालू करण्याची रीत साधारण अशी असे:

1. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देऊन चिप कोणाची आहे ते शोधणे. बाहेरचे नाव फसवे असू शकते.
2. त्या चिपची आज्ञावली मिळवून, आपल्या लिनक्स गाभ्याच्या आवृत्तीसाठी ती बांधणे. गाभा बदलला की बहुधा हे काम पुन्हा करावे लागे.
3. ‘एटी’ ही अक्षरे पाठवणे. ‘ओके’ असे उत्तर आले, की मोडेम जागा झाला!
4. तरीही फोन लागत नसेल, तर ‘एटीएक्स3’ ही आज्ञा देणे.

शेवटची पायरी आपल्याकडे विशेष उपयोगी. अमेरिकेतील डायल टोन 350 आणि 440 हर्ट्झ या दोन सुरांचा असतो. भारतातील 400 हर्ट्झचा, 25 हर्ट्झने कंप पावणारा. परक्या टोनची वाट पाहणारा मोडेम ‘डायल टोन नाही’ असे सांगून थांबे. ‘एक्स3’ म्हणजे टोनची वाट न पाहता नंबर लाव.

आता नव्या लॅपटॉपमध्ये असा मोडेम सहसा नसतो. पण वाय-फायच्या कित्येक चिपांमध्ये चालणारी आज्ञावली आजही बंदच असते. म्हणून एखादे यंत्र चालेना, तर दोन प्रश्न विचारा: याचे कोणते काम चिप करते आणि कोणते आज्ञावली? आणि ती आज्ञावली वाचण्याची मुभा कोणाला आहे?

करून पहा: 80 लाख बिटांचे एक चित्र 56,000 बिटांच्या वेगाने यायला किती सेकंद लागतील? आणि बेल 103 च्या वेगाने किती तास?