मुठीतली मोटार

प्रस्तावना

टपाल तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेट्यांवरील चित्रे यांचा संग्रह करणारी माणसे आपल्या परिचयाची असतात. मोटारींच्या लहान प्रतिकृती जमवण्याचा छंदही असाच जगभर रूढ आहे. पाहणाऱ्याला ती मुलांची खेळणी वाटतात. जाणत्या संग्राहकाला मात्र त्यांत वाहनांचा इतिहास, गणित आणि कारागिरी ही तिन्ही दिसतात. या छंदासाठी पुष्कळ पैसा लागतो, असा एक समज आहे. वास्तविक आरंभी लागतो तो एक निश्चय, एक मोजपट्टी आणि एक वही. ते कसे, हे या पाठात पाहू.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्ही –
• संचय आणि संग्रह यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• प्रतिकृतीचे प्रमाण स्वतः पडताळून पाहू शकाल;
• संग्रहासाठी योग्य विषय निवडू शकाल;
• संग्रहातील वस्तूची नेमकी नोंद लिहू शकाल.

मूळ पाठ

संचय आणि संग्रह

दिसेल ती वस्तू आणून ठेवली की संचय होतो. विशिष्ट हेतूने निवड केली, क्रम लावला आणि माहिती जोडली की त्याच वस्तूंचा संग्रह होतो. दोनशे गाड्यांनी भरलेली पेटी हा केवळ संचय असू शकतो. एका सूत्रात बांधलेल्या सहा गाड्या हा उत्तम संग्रह ठरू शकतो. म्हणून पहिली गाडी विकत घेण्यापूर्वी ‘मी काय जमवणार?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे. कोणी एकाच कंपनीच्या गाड्या निवडतो, कोणी केवळ टॅक्सी, कोणी एका विशिष्ट दशकातील वाहने. विषय जितका स्पष्ट, तितका अनावश्यक खर्च कमी.

प्रमाणाचे गणित

खऱ्या गाडीची सर्व मापे एकाच पटीने लहान केली म्हणजे प्रतिकृती तयार होते. या पटीला प्रमाण म्हणतात. १:१८, १:४३ आणि १:६४ ही प्रमाणे विशेष प्रचलित आहेत. १:४३ याचा अर्थ असा, की खऱ्या गाडीचे ४३ सेंटिमीटर प्रतिकृतीत १ सेंटिमीटर होतात. अ‍ॅम्बॅसॅडर ही गाडी सुमारे ४३० सेंटिमीटर लांब होती. १:१८ या प्रमाणात ती सुमारे २४ सेंटिमीटर, १:४३ मध्ये १० सेंटिमीटर आणि १:६४ मध्ये साधारण ६.७ सेंटिमीटर भरेल. पहिलीला कपाटाचा अख्खा कप्पा हवा. तिसरी मुठीत मावेल. घरातील जागा आणि खिशातील पैसा पाहूनच प्रमाण ठरवावे.

शक्यतो एकच प्रमाण पाळावे. तसे केल्यास अ‍ॅम्बॅसॅडरशेजारी ठेवलेली मारुती ८०० खरोखर जितकी लहान होती, तितकीच लहान दिसते. सर्वच छोट्या गाड्या मात्र प्रमाणबद्ध नसतात. काही उत्पादक सर्व गाड्या एकाच आकाराच्या खोक्यात बसाव्यात म्हणून ट्रक अधिक लहान करतात आणि मोटार कमी. अशा वेळी मोजपट्टी उपयोगी पडते. पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजावे आणि खऱ्या गाडीच्या त्याच अंतराला त्याने भागावे. अ‍ॅम्बॅसॅडरचे हे अंतर सुमारे २४६ सेंटिमीटर होते. प्रतिकृतीत ते ५.७ सेंटिमीटर भरले, तर भागाकार ४३ येतो आणि खोक्यावरील आकडा खरा ठरतो.

थोडा इतिहास

ब्रिटनमधील लिव्हरपूल येथे फ्रँक हॉर्नबी यांची मेकॅनो ही कंपनी खेळण्यातल्या आगगाड्या तयार करीत असे. त्या आगगाड्यांच्या देखाव्यात मांडण्यासाठी तिने लहान वाहने केली. १९३४ पासून ती ‘डिंकी टॉईज’ या नावाने प्रसिद्ध झाली. लंडनच्या लेझ्नी कंपनीने १९५३ मध्ये काड्यापेटीएवढ्या खोक्यात मावणाऱ्या ‘मॅचबॉक्स’ गाड्या आणल्या. अमेरिकेतील मॅटेल कंपनीच्या ‘हॉट व्हील्स’ गाड्या १९६८ मध्ये बाजारात आल्या. डिंकीचे काही साचे पुढे भारतात आले आणि कोलकात्यात ‘निकी टॉईज’ या नावाने गाड्या तयार होऊ लागल्या. जुन्या बाजारात आज अशी एखादी निकीची गाडी दिसली, तर संग्राहकाची पावले थबकतात.

पारख आणि निगा

यांतील बहुसंख्य गाड्या जस्ताचा मिश्रधातू वितळवून, तो दाबाने साच्यात भरून तयार करतात. या धातूत शिसे मिसळलेले असेल, तर कालांतराने त्याला आतून तडे जातात, पृष्ठभाग फुगतो आणि शेवटी गाडीचा चुरा होतो. यावर उपाय नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक गाड्या अशाच नष्ट झाल्या. म्हणून जुनी गाडी घेताना ती उजेडात धरून बारीक भेगा आहेत का, हे पाहावे. उडालेला रंग पुन्हा देण्याचा मोह टाळावा. मूळ रंग ही त्या वस्तूची ओळख असते. खोकेही जपून ठेवावे. गाड्या उन्हापासून आणि ओलाव्यापासून दूर ठेवून मऊ कुंचल्याने धूळ झटकावी.

वहीचे महत्त्व

मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी एके काळी त्या शहराची टॅक्सी म्हणून ओळखली जाई. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. त्याच वर्षी मारुती ८०० चेही. ज्या गाड्यांतून एका पिढीने प्रवास केला, त्या खऱ्या रूपात घरात ठेवणे कोणालाही परवडणारे नाही. त्यांची प्रतिकृती मात्र ठेवता येते. केवळ प्रतिकृती पुरेशी नाही. नोंद नसेल तर पुढच्या पिढीला ते निव्वळ खेळणे वाटेल. म्हणून प्रत्येक गाडीसाठी वहीचे एक पान राखावे. त्यावर गाडीचे नाव, प्रमाण, उत्पादक, खरेदीची तारीख व किंमत आणि मूळ गाडीविषयी चार ओळी लिहाव्यात. शक्य असल्यास ती गाडी चालवलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीची आठवणही विचारून टिपावी. दुकानात न मिळणारी अशी ही एकमेव गोष्ट आहे.

आरंभ तीन गाड्यांनी करावा, महिन्याचा खर्च आधी ठरवावा आणि तो ओलांडू नये. संग्रहाला निग्रहाची जोड असेल, तरच छंद आनंद देतो. नाहीतर तो व्यसन होतो.

शब्दार्थ

प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी केलेली दुसरी वस्तू
मिश्रधातू – दोन किंवा अधिक घटक एकत्र करून केलेला धातू
कुंचला – रंग देण्याचा वा धूळ झटकण्याचा ब्रश
निग्रह – मनावरील ताबा, संयम

भाषाभ्यास

‘ग्रह्’ म्हणजे घेणे, धरणे. या धातूला ‘सम्’ हा उपसर्ग लागून ‘संग्रह’ आणि ‘नि’ लागून ‘निग्रह’ हे शब्द तयार झाले. ‘आग्रह’, ‘विग्रह’ आणि ‘अनुग्रह’ यांतील उपसर्ग ओळखा व प्रत्येक शब्द वाक्यात वापरा.

स्वाध्याय

१. संचय आणि संग्रह यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. प्रीमिअर पद्मिनीची लांबी सुमारे ३९० सेंटिमीटर होती. १:४३ या प्रमाणात तिची प्रतिकृती किती लांब असेल?
३. जुनी गाडी पुन्हा रंगवू नये, असे पाठात का म्हटले आहे?
४. तुमच्या गावातून वा शहरातून दिसेनाशा झालेल्या एखाद्या वाहनाची नोंद, वहीचे एक पान भरेल इतकी लिहा.