अंगात ताप असताना पळावे का?

पहाटे साडेपाच वाजता आपल्या गावाच्या बायपास रस्त्यावर जाऊन पाहा. पोलीस भरतीची मुले, सैन्यात जाऊ इच्छिणारी मुले, कॉलेजच्या मुली आणि अलीकडे चाळिशीतले दुकानदार आणि शिक्षकसुद्धा पळताना दिसतात. डॉक्टर म्हणून मला याचा आनंदच आहे. पण याच मंडळींपैकी कोणी ना कोणी दर पावसाळ्यात दवाखान्यात येऊन एकच प्रश्न विचारतो. म्हणून आजचा लेख.

यंदा आलेला तरुण पंचविशीतला होता. सातारच्या घाटातील २१ किलोमीटरच्या शर्यतीत त्याने नाव नोंदवले होते. चार महिने नेमाने सराव केलेला. शर्यत पाच दिवसांवर आली आणि अंगात १०२ ताप, हातपाय मोडून आलेले. म्हणाला, "डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या. रविवारी पळायचंच आहे."

मी म्हणालो, "अरे, औषध देतो, पण पळायचं नाही."

त्याचा चेहरा पडला. "चार महिन्यांची मेहनत वाया जाईल, डॉक्टर. मागं एकदा तापातच पळालो होतो, काही झालं नाही."

काही झाले नाही, हे खरे असेल. बहुतेकांना होत नाहीच. पण ज्याला होते, त्याचे काय होते ते मी पाहिले आहे.

गोष्ट २०११ सालची. भरतीच्या तयारीतला एक मुलगा असाच ताप घेऊन आला. दुसऱ्या दिवशी पाच किलोमीटरची चाचणी होती आणि वयोमर्यादेमुळे ती त्याची शेवटची संधी होती. सोबत आलेले वडील हात जोडून उभे होते. मी ताप उतरवणारे इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या आणि म्हणालो, "जा, पळ. काही होत नाही." तो पळाला, वेळही बरी आली. तिसऱ्या दिवशी छातीत दुखते, जिना चढताना दम लागतो म्हणून परत आला. नाडी अनियमित लागत होती. ताबडतोब मोठ्या गावी पाठवले. हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचे निदान झाले. वैद्यकीय भाषेत याला मायोकार्डायटिस म्हणतात. पोरगा वाचला, पण सहा महिने पळणे बंद. पुढच्या चाचण्या हुकल्या, भरती कायमची गेली. आज त्याचे खताचे दुकान चांगले चालते. त्याने मला कधी दोष दिला नाही. विषाणू कदाचित आधीच हृदयापर्यंत पोहोचला असेल. तरीही त्याला पळायला मी सांगितले होते, हे मी विसरलेलो नाही.

आता यामागचे शास्त्र थोडक्यात पाहू. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. म्हणजे १०२ फॅरनहाइट तापात, अंथरुणावर पडल्या पडल्याही हृदय वीसेक ठोके जास्त काम करते. त्यात पळण्याचा भार टाकायचा. शिवाय पळताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष पळण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. आधीच तापलेल्या शरीराला ही उष्णता बाहेर टाकणे जड जाते. आणि विषाणूने हृदयाच्या स्नायूत शिरकाव केला असेल, तर जोराच्या व्यायामाने ती सूज वाढते आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. क्वचित प्रसंगी धावपटू मैदानावर कोसळतो, त्यामागे हेही एक कारण असते.

"मग पॅरासिटामॉल घेऊन पळालो तर?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. गोळीने तापमापकातला पारा खाली येतो, पण विषाणू जागच्या जागी असतो. धोक्याची घंटा काढून टाकली म्हणून आग विझत नाही. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊन पळणे तर आणखी वाईट. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. ताप डेंग्यूचा निघाला, तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मग सर्दी झाली तरी घरी बसायचे का? नाही. त्यासाठी एक सोपी खूण आहे. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक गळणे, शिंका, घशात किंचित खवखव, आणि ताप नसेल, तर हलके पळायला हरकत नाही. दहा मिनिटे सावकाश पळून पाहावे. बरे वाटले तर पुढे जावे, जड वाटले तर घरी यावे. त्रास मानेच्या खाली असेल, म्हणजे ताप, अंगदुखी, छातीत भरलेला कफ, जुलाब किंवा उलट्या, तर बूट काढून ठेवावेत.

दुसरी खूण नाडीची. सकाळी उठल्याबरोबर, अंथरूण सोडण्यापूर्वी मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून वहीत लिहावी. आठ-दहा दिवसांत आपला नेहमीचा आकडा कळतो. एखाद्या सकाळी ती दहाने जास्त लागली, तर शरीर कशाशी तरी झगडते आहे किंवा कालचा थकवा भरून निघालेला नाही असे समजावे. त्या दिवशी जोराचा सराव नको.

ताप गेल्यावर परत सुरुवात कशी करावी? गोळी न घेता पूर्ण एक दिवस ताप नसेल, भूक लागू लागली असेल, तर आधी चालावे. जितके दिवस ताप होता, निदान तितके दिवस फक्त चालणे आणि सावकाश पळणे ठेवावे. वेगाचा आणि चढाचा सराव त्यानंतर. डेंग्यू, टायफॉइड किंवा कोविड झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळू नये. पळताना छातीत दुखले, धडधडले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा फार दम लागला, तर तिथेच थांबून त्याच दिवशी ईसीजी काढावा.

ताप नाही, पण तीन-चार आठवडे दम टिकत नाही, झोप लागत नाही, वेळ सुधारण्याऐवजी बिघडते आहे, अशीही तक्रार असते. याला आळस म्हणू नका. विशेषतः मुलींच्या बाबतीत आधी हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा तपासा. सोबत थायरॉइड आणि साखरही पाहावी. वजन घटत असेल, खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर क्षयाची तपासणी टाळू नये. सगळे ठीक निघाले, तर बहुधा सराव जास्त आणि जेवण-झोप कमी, हेच कारण असते.

आठ-दहा दिवसांच्या विश्रांतीने कमावलेला दम फारसा जात नाही. जो जातो, तोही लवकर भरून येतो. इंग्लंडचा धावपटू सेबास्टियन को याला १९८३ साली टॉक्सोप्लाझमोसिस या आजाराने गाठले. त्या वर्षी हेलसिंकी येथे झालेल्या पहिल्या जागतिक मैदानी स्पर्धेला तो मुकला. पुढच्याच वर्षी, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्याने १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. हुकलेल्या शर्यतीने धावपटू संपत नाही.

आमच्या त्या तरुणाने शर्यत सोडली. मित्र पदके गळ्यात घालून परतले, तेव्हा त्याला वाईट वाटले आणि माझा रागही आला असावा. परवा तो नाडीची वही दाखवायला आला होता. आकडा नेहमीच्या जागी आला आहे. मी त्याला म्हणालो, "आता हळूहळू सुरू कर. घाट कुठं जात नाही."