मोटारीच्या डोळ्याचा पासंग

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरीहून चाकणकडे जाताना पुढे खडीने भरलेला डंपर दिसला, की जाणता चालक आपली मोटार जरा मागेच ठेवतो. डंपरच्या फाळक्यावरून सुपारीएवढा खडा निसटतो, रस्त्यावर टप्पा घेतो आणि मागच्या मोटारीच्या काचेवर टक्कन आदळतो. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखी लहानशी नक्षी उमटते. मग खड्ड्यांचे हादरे आणि ऊन-पावसाचा खेळ यांमुळे तिच्यातून एक भेग निघते व काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते. आता काच बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या शेजारच्या गृहस्थांवर हीच वेळ आली. त्यांच्याबरोबर मीही चिंचवडमधल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. तेथे काम करणारा तरुण माझा जुना विद्यार्थी निघाला. नवी काच बसली, गोंद धरला, तरी तो गाडीची किल्ली देईना. गृहस्थ वैतागले. म्हणाले, "अरे, काच बसली, डॅशबोर्डवर कसला दिवा पेटलेला नाही, कॅमेरा चालू आहे. मग आता काय राहिलं?"

तो शांतपणे म्हणाला, "काका, गाडीला दिसतंय हे खरं. पण सरळ दिसतंय का, ते अजून तपासायचंय."

हे उत्तर मला फार आवडले. कारण त्या एका वाक्यात तुमच्या पुस्तकातील प्रकाश आणि त्रिकोणमिती ही दोन्ही प्रकरणे आली होती. ती कशी, ते आज आपण पाहू या.

काचेमागचा डोळा

चाकणच्या कारखान्यात तयार झालेली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही मोटार २०२१ मध्ये बाजारात आली. पिंपरीच्या टाटा मोटर्सच्या हॅरियर व सफारी या मोटारींना २०२३ मध्ये तशीच सोय मिळाली. ही सोय म्हणजे चालक-साहाय्य प्रणाली. गॅरेजमध्ये तिला 'अ‍ॅडास' म्हणतात. पुढे वाहन आडवे आले तर ती इशारा देते, चालकाने ब्रेक दाबला नाही तर स्वतः दाबते, आणि मोटार रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांबाहेर जाऊ लागली तर सावध करते.

यासाठी तिला डोळा लागतो. तो डोळा म्हणजे आतल्या आरशामागे, पुढच्या काचेला आतून चिकटलेला एक लहान कॅमेरा. पुष्कळ मोटारींत त्याच्या जोडीला पुढच्या जाळीजवळ रडारही असते. समोरचे वाहन किती दूर आहे हे रडार चांगले सांगते. परंतु रस्त्यावर रंगवलेला पट्टा त्याला दिसत नाही. तो पाहणे हे कॅमेऱ्याचेच काम.

आता नीट लक्ष द्या. हा कॅमेरा मोटारीच्या सांगाड्याला खिळलेला नसतो. काचेला चिकटवलेल्या एका पकडीत तो बसतो, आणि ती काच गोंदाच्या धारेवर बसते. काच बदलली, की जुन्या पकडीतून कॅमेरा काढून नव्या काचेच्या पकडीत घालतात. म्हणजे डोळा तोच, पण खोबण नवी!

दोष काचेचा नव्हे

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "काच बदलली म्हणजे वक्रीभवन बदलले, म्हणून कॅमेरा चुकतो." तुमच्या नव्या पुस्तकात वक्रीभवनाला अपवर्तन म्हटले आहे. उत्तर सुचण्याजोगे आहे, पण ते मुख्य कारण नव्हे. तपासून पाहू.

मोटारीची पुढची काच दोन काचांची बनलेली असते आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा असतो. फुटली तरी तुकडे अंगावर पडू नयेत यासाठी ही योजना. या पापुद्र्याचा अपवर्तनांक काचेच्या अगदी जवळचा, सुमारे १.५ असतो. म्हणून सारी काच आपण एकच चिप मानू. समजा, तिची जाडी ५ मिलिमीटर आहे आणि ती जमिनीशी ३० अंशांचा कोन करून कललेली आहे. मग समोरून आडवा येणारा किरण काचेवर ६० अंशांच्या आपाती कोनाने पडेल. काचेच्या चिपेचा प्रयोग तुम्ही केला असेलच. निर्गत किरण आपाती किरणाला समांतर असतो. तो फक्त बाजूला सरकतो. गणित केले तर येथे हे सरकणे सुमारे २.६ मिलिमीटर भरते.

मोटारीपासून १०० मीटरवरील वाहन २.६ मिलिमीटर सरकलेले दिसले, तर काय बिघडले? काहीच नाही. किरण सरकला, पण वळला नाही. काचेची दोन्ही पृष्ठे समांतर नसतील किंवा काच लहरी असेल, तर मात्र किरण थोडा वळतोही. म्हणूनच कॅमेऱ्यासमोरचा काचेचा भाग निर्दोष असावा लागतो. त्या भागावर फास्टॅग किंवा शोभेचे चित्र चिकटवू नये, हेही ओघाने आलेच.

सरकणे आणि वळणे

खरा दोष पकडीच्या बैठकीत येतो. समजा, पकडीची लांबी १० सेंटिमीटर आहे आणि तिचे एक टोक १ मिलिमीटर बाहेर राहिले. म्हणजे १०० मिलिमीटरला १ मिलिमीटर. हेच प्रमाण पुढे चालू ठेवा. १०० मीटरवर नजर १ मीटरने चुकेल! नखाच्या जाडीएवढी चूक हाताच्या लांबीहून मोठी झाली. कोन असतो सुमारे ०.५७ अंश, अर्ध्या अंशाहून थोडासा जास्त.

पूर्ण १ अंश चूक झाली तर? १ अंशाचा टॅन ०.०१७५. १०० मीटरवर चूक १.७५ मीटर. रस्त्यावरील एका पट्ट्याची रुंदी साधारण ३.५ मीटर असते. तिचा निम्मा भाग बरोबर १.७५ मीटर. म्हणजे आपल्याच पट्ट्याच्या मध्यावरून जाणारा ट्रक कॅमेऱ्याला दोन पट्ट्यांमधील रेषेवर दिसेल. तो आपल्या वाटेत आहे की शेजारच्या, हे कसे ठरवायचे?

तेव्हा हा भेद वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: सरकण्याची चूक अंतराबरोबर वाढत नाही, वळण्याची चूक अंतराबरोबर वाढते.

मान खाली गेली तर

कॅमेरा उजवीकडे-डावीकडे वळला तर पट्टा चुकतो. वर-खाली वळला तर अंतर चुकते, आणि ते अधिक घातक. एकाच डोळ्याने अंतर कसे मोजतात? एक पद्धत अशी. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर आहे. समोरच्या वाहनाची चाके रस्त्याला जेथे टेकतात तो बिंदू क्षितिजाच्या किती खाली दिसतो, हा कोन तो पाहतो. यालाच तुम्ही अवनत कोन म्हणता. उंचीला या कोनाच्या टॅनने भागले, की अंतर मिळते.

वाहन ५० मीटरवर असेल तर टॅन ०.०२६ व कोन सुमारे १.४९ अंश. आता कॅमेऱ्याची मान केवळ अर्धा अंश खाली झुकली आहे आणि त्याला ते ठाऊक नाही, असे समजा. चित्रात सारे काही वर सरकेल. अवनत कोन ०.९९ अंशच वाटेल. १.३ ला त्याच्या टॅनने भागा. उत्तर येते सुमारे ७५ मीटर! वाहन ५० मीटरवर, कॅमेरा सांगतो ७५. उलट मान अर्धा अंश वर गेली, तर तेच वाहन ३७ मीटरवर वाटेल आणि मोटार विनाकारण ब्रेक दाबू पाहील.

ताशी ७२ किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला २० मीटर जाते. २५ मीटरची चूक म्हणजे सव्वा सेकंद उशीर. रडार, वाहनाचा चित्रातील आकार, तो वाढण्याचा वेग अशा इतर पुराव्यांशी ताळा घेऊन ही चूक कमी करता येते, हे खरे. परंतु साक्षीदारांपैकी एकाची साक्षच वाकडी असेल, तर निवाड्याचा भरवसा कमी होतोच.

आणि डॅशबोर्डवरचा दिवा? कॅमेरा बंद पडला, झाकला गेला, तारेचा जोड सुटला, तर दिवा पेटतो. परंतु वाकड्या बसलेल्या कॅमेऱ्यालाही स्वच्छ चित्र दिसते. आपण चालू आहोत हे त्याला कळते; आपला रोख कोठे आहे हे मात्र त्याला स्वतःहून सहज कळत नाही. काही कॅमेरे चालता चालता लहान चुका सुधारून घेतात, पण ती सुधारणाही मर्यादेतच चालते.

पासंग कसा बांधतात

जुन्या तराजूची दोन्ही पारडी रिकामी असतानाही एक खाली जात असेल, तर दुकानदार काय करी? वरच्या बाजूला लहानसा खडा किंवा धातूचा तुकडा बांधी. हा पासंग. तराजू बदलला नाही. त्याची चूक किती, ते शोधून तिची भरपाई केली. स्क्रूगेजची शून्य त्रुटी आधी पाहून नंतर प्रत्येक मापातून वजा करता, तीही हीच रीत. शास्त्रात तिला अंशशोधन म्हणतात.

कॅमेऱ्याचे अंशशोधन दोन प्रकारे होते. मोटार उभी करून आणि मोटार चालवून. कोणता प्रकार वापरायचा, की दोन्ही, हे मोटार बनविणारा ठरवतो.

पहिल्या प्रकारात मोटार सपाट जमिनीवर उभी करतात. टायरमधील हवा योग्य प्रमाणात भरतात, डिकीतील सामान काढतात. तिच्यासमोर काळ्या-पांढऱ्या नक्षीचा फलक ठरलेल्या अंतरावर व ठरलेल्या उंचीवर ठेवतात. फलक सरळ ठेवायचा तो कशाला धरून? नजरेच्या अंदाजाने नव्हे, तर मागच्या चाकांच्या रोखाला धरून. कारण मोटार सरळ जाते ती त्याच दिशेने. मग संगणक कॅमेऱ्याच्या चित्रात फलकाचे केंद्र शोधतो.

उदाहरण घेऊ. चित्र १२८० ठिपके रुंद आहे आणि त्यात ५० अंशांचा देखावा मावतो. म्हणजे एका ठिपक्याला सुमारे ०.०४ अंश. केंद्र ६४० व्या ठिपक्यावर हवे होते, ते ६५० व्यावर सापडले. चूक १० ठिपके, म्हणजे ०.४ अंश, १०० मीटरवर ७० सेंटिमीटर. ही संख्या संगणक साठवतो आणि पुढे प्रत्येक मापातून वजा करतो. कॅमेऱ्याला हातही लावला नाही. पासंग बांधला गेला! चूक फारच मोठी निघाली, तर मात्र यंत्र नकार देते. मग पकड व काच पुन्हा तपासावी लागते.

दुसऱ्या प्रकारात स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने मोटार चालवतात. चिंचवड स्टेशनच्या पादचारी पुलावरून तुम्ही रूळ पाहिले असतील. समांतर असूनही ते दूर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात. रस्त्याचे पट्टेही तसेच मिळतात. सरळ रस्त्यावर हा बिंदू मोटार जात असलेल्या दिशेलाच असतो. चित्रात तो जेथे सापडेल त्यावरून कॅमेऱ्याचा रोख कळतो. मात्र चिखलाने पट्टे झाकले असतील किंवा मोटारींची रांग लागली असेल, तर हे काम अडते.

करून पाहा

३० सेंटिमीटरची पट्टी टेबलावर ठेवा. तिच्या दोन्ही टोकांना मेणाने एकेक टाचणी उभी करा. जवळच्या टाचणीपासून ६ मीटरवर भिंतीवर कागद लावा. एक डोळा मिटून दोन्ही टाचण्या एका रेषेत पाहा आणि त्या रेषेतील कागदावरच्या जागी मित्राला खूण करायला सांगा. आता सगळी पट्टी ५ मिलिमीटर बाजूला सरकवा, दिशा न बदलता. खूण किती हलली? नंतर पट्टी पूर्वीच्या जागी आणा, जवळचे टोक स्थिर ठेवून फक्त दूरचे टोक ५ मिलिमीटर हलवा. या वेळी खूण सुमारे १० सेंटिमीटर हलेल. का, ते समरूप त्रिकोणांनी सिद्ध करा.

आमच्या गृहस्थांच्या मोटारीची चूक अर्ध्या अंशाहून कमी निघाली. आकडा पाहून ते म्हणाले, "एवढीशीच!" मी त्यांना खिशातल्या कागदावर वरचा ५० आणि ७५ मीटरचा हिशेब करून दाखवला. ते काही बोलले नाहीत. परत येताना मात्र त्यांनी मोटार पुढच्या डंपरपासून चांगली लांब ठेवली. तेही बरोबरच होते. अंशशोधन झालेला कॅमेरा हा मदतनीस आहे. चालक तो नव्हे.

सोडवा:

१. पकडीची लांबी ८ सेंटिमीटर असून एक टोक ०.४ मिलिमीटर वर राहिले. ५० मीटरवर नजर किती चुकेल?

२. पुढच्या व मागच्या चाकांत २.७ मीटर अंतर आहे. डिकीत सामान ठेवूनच अंशशोधनाऐवजी नुसती मोटार चालवली आणि मागची बाजू २७ मिलिमीटर खाली बसली. कॅमेऱ्याची उंची १.३ मीटरच धरा. या कलाची भरपाई केली नाही, तर ५० मीटरवरील वाहन किती अंतरावर वाटेल?

(उत्तरे: १. २५ सेंटिमीटर. २. सुमारे ३६ मीटर.)