कलेच्या वसतिगृहात राहायला जाण्याआधी

अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालेल्या मुलामुलींचे दर उन्हाळ्यात मला फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो : ‘ताई, हाउसिंगच्या अर्जात आर्ट्सवाल्या मजल्याचा पर्याय दिलाय, घेऊ का?’ मी ‘जरूर घे’ म्हणते. त्यानंतर जे सांगते, ते आई-बाबांपर्यंत अर्धंमुर्धंच पोचतं, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

चित्र, संगीत, नाटक, लेखन यांची ओढ असलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी वसतिगृहाचा एखादा मजला किंवा अख्खी इमारतच राखून ठेवायची, तळघरात मातीकामाची आणि रियाजाची खोली द्यायची, एखादा वर्गही तिथेच भरवायचा, असा हा प्रकार. कलाशाखेचा विद्यार्थी असलंच पाहिजे असं नाही. माझ्या समोरच्या खोलीतली मुलगी रसायनशास्त्र शिकत होती आणि व्हायोला वाजवत होती. राहणं आणि शिकणं एका छपराखाली, ही कल्पना तिथे जुनी आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर माइकलजॉन यांनी १९२७ साली तसं प्रायोगिक कॉलेज काढलं होतं. ते १९३२ मध्ये बंद पडलं, पण कल्पना टिकली. इलिनॉय विद्यापीठाच्या अ‍ॅलन हॉलमध्ये १९७२पासून ‘युनिट वन’ चालू आहे. तिथे पाहुणे कलावंत मुलांसोबत मुक्कामाला येतात. मी राहिले ते वसतिगृह यांपैकी नव्हे, पण वळण तेच.

तिथे मला भरभरून मिळालं. लाकडावर कोरलेल्या चित्राचा छाप प्रेसशिवाय कसा घ्यायचा, हे मी वर्गात नाही, कॉरिडॉरमधल्या जाजमावर बसून शिकले. ठशावर शाई फिरवायची, कागद अलगद टेकवायचा आणि चमच्याच्या पाठीने मधून कडांकडे घासत जायचं. असे शेजारी पुन्हा मिळत नाहीत. पण जिथे झोपायचं तिथेच काम करायचं, आणि ज्यांच्याबरोबर जेवायचं त्यांनीच कामाचं मोल करायचं, असं झालं की त्रास सुरू होतो. या दोहोंमध्ये भिंत आपल्यालाच घालावी लागते.

आधी खरोखरीची भिंत. आमच्या मजल्यावर एक जण खोलीतच तैलरंगात काम करायचा. ब्रश पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून तो कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. एका रात्री करपल्याचा वास आला, अलार्म वाजला आणि आम्ही सगळे हिवाळ्यात झोपेच्या कपड्यांत बाहेर उभे राहिलो. कुणाला इजा झाली नाही. पण तो बोळा मी नंतर पाहिला : वरून साधी मळकी चिंधी, आत मधोमध कोळसा. काडी कुणीच लावली नव्हती. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. चिंधीचा गोळा केला की ती आतच कोंडते आणि वाढत जाते. फिलाडेल्फियात १९९१ साली वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत पेटली, ती अशाच तेलकट चिंध्यांमुळे. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. म्हणून खोलीत तैलरंग नकोतच. स्टुडिओमध्येही चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यातच टाका.

चारकोलवर मारायचा फिक्सेटिव्हचा फवाराही बंद खोलीत नको. त्याच खोलीत दुसरं माणूस झोपतं. रंग घेताना वेष्टण वाचा : ‘एपी’ शिक्का म्हणजे बिनविषारी, ‘सीएल’ म्हणजे जपून वापरण्याच्या सूचना असलेला. आणि मजला निवडण्याआधी मेल करून दोनच गोष्टी विचारा : स्टुडिओ रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो, आणि तिथे एक्झॉस्टची सोय आहे का? स्टुडिओ नऊला बंद होत असेल, तर काम खोलीत येणार हे धरून चाला.

दुसरी भिंत मनातली. वर्गात चित्र भिंतीला लावून सगळ्यांनी त्यावर बोलायचं, ही तिथली शिकवण्याची रीत चांगलीच आहे. पण आमच्याकडे ती वर्गातून जेवणाच्या टेबलावर आली, मग खोलीत. दाराशी वाळत ठेवलेल्या चित्रावर दात घासायला निघालेला माणूसही मत देऊन जायचा. वार्षिक प्रदर्शनाच्या मोजक्या जागांसाठी आम्ही सगळेच इच्छुक. त्यामुळे मतामागे काय आहे, हेही कळेना. अठराव्या वर्षी, घरापासून इतक्या दूर, हे फार लागतं. मला तारलं ते बाहेरच्या माणसांनी. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी मी मखरामागचा पडदा रंगवला. काकूंनी ‘छान झालाय गं’ म्हटलं आणि मला पंगतीत बसवलं. कामाचा हिशोब न मागता आपल्याला जेवू घालणारं एक तरी घर पहिल्या महिन्यातच शोधा. रूममेटशीही सुरुवातीलाच ठरवा, की विचारल्याशिवाय कुणी कुणाच्या कामावर बोलायचं नाही.

वसतिगृहाचा करार नीट वाचा. तो बहुधा अख्ख्या शैक्षणिक वर्षाचा असतो आणि मध्येच सोडलं तर पैसे जातात. आई-बाबांनीही लक्षात ठेवावं, की १९७४च्या फर्पा कायद्यामुळे मुलांच्या शैक्षणिक नोंदी कॉलेज पालकांना सहसा परस्पर देत नाही. मुलगी गप्प झाली असेल, तर तिलाच विचारावं लागेल, आणि तेही गुणांच्या आधी झोपेबद्दल आणि जेवणाबद्दल.

शेवटचं, पैशांचं. अशा घरात कुणी पोस्टर विकतं, कुणी लग्नात वाजवून येतं. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर कमाई करता येत नाही. कॅम्पसवरचं कामही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच. अमेरिकी मित्र सहज म्हणेल, ‘काय होतंय?’ त्याला काही होत नाही, तुमचा व्हिसा जाऊ शकतो. पहिलं चित्र विकण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा आणि उत्तर मेलवर लेखी मागून घ्या.