मुंबई ते लंडन : तिकिटावर न दिसणारे तास

अगं, तिकीट पाहून तू म्हणालीस, "ताई, रात्री एकला निघायचं आणि सकाळी साडेसहाला लंडन. साडेपाच तासच तर आहेत!" तसं नाही गं. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची लंडनची. सप्टेंबरात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. ते मिळव, म्हणजे विमानातले दहा तास होतात. अंतर सरळ रेषेत साधारण ७,२०० किलोमीटर, पण नुसत्या किलोमीटरवर जाऊ नकोस. त्या उंचीवरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात, म्हणून परतीला तासभर तरी कमी लागतो. हद्दी बंद झाल्या तरी वेळ वाढतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडला.

आता तुझा खरा प्रवास मोज. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे रात्री दहाला पोचायचं. साताऱ्याहून सहारपर्यंत सहा तास धर, वर घाटात आणि पनवेलला गाडी अडकते त्याचे दोन. म्हणजे दुपारी दोनला घर सोडायचं. हीथ्रोला उतरल्यावर इमिग्रेशन, सामान, मग पिकॅडिली लाइननं शहरात जायला जवळजवळ तास. खोलीच्या दारात पोचशील तेव्हा साताऱ्यात दुसऱ्या दिवशीचे दुपारचे दोन वाजलेले असतील. पुरते चोवीस तास! तिथे मात्र सकाळचे साडेनऊच. बऱ्याच ठिकाणी खोलीची किल्ली दुपारनंतर देतात, ते आजच मेल करून विचार. त्या दिवशी कुणाला भेटायचं कबूल करू नकोस. झोप आली तरी अंधार पडेपर्यंत जागी राहा, उन्हात थोडं चाल.

दोहा-दुबईमार्गे स्वस्त पडतं, खरं आहे. पण दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. वेगवेगळी तिकिटं काढलीस आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडाले म्हणून समज. पहिल्याच खेपेला, एवढ्या बॅगा घेऊन, मी तरी तुला थेट विमानानंच जा म्हणेन. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, कमी पडले तर माझ्याकडून घे. संकोच करू नकोस.

विमानात वाटेच्या कडेची सीट घे, म्हणजे कुणाला न उठवता पाय मोकळे करता येतील. पाणी मागून मागून पी. औषधं, कागदपत्रं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत ठेव.

आणि आईला आत्ताच सांगून ठेव : ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, फरक साडेपाच तासांचा होतो. तू तिथल्या दुपारी दोनला फोन करत असलीस, तर इथे साडेसहाऐवजी साडेसातला वाजेल. नाहीतर तो एक तास ती जिवाला घोर लावून बसेल.